परवा नाही

हेडक्लार्कांकडे मोजून दोन शब्दप्रयोग होते आणि तेवढ्यावर त्यांची नोकरी आणि संसार दोन्ही बिनबोभाट चालले होते.

पहिला ‘बघू’. हा घरासाठी. बायको म्हणाली पडदे बदलूया, की ‘बघू’. बायको म्हणाली चार दिवस कुठे तरी जाऊन येऊया, की ‘बघू’. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती आणि पडदे तेच होते. दुसरा ‘परवा नाही’. हा संकटासाठी. दूध उतू गेलं, बदलीची अफवा उठली, भर रस्त्यात चपलेचा अंगठा तुटला, की हेडक्लार्क छाती पुढे काढत, उजवा हात वर करत आणि मोठ्या आवाजात म्हणत, “परवा नाही!” त्यात ते नगरपालिकेच्या परवाना विभागात. मग हाताखालच्या मंडळींनी त्यांचं नाव ‘परवानाही साहेब’ पाडलं, तर त्यांची काय चूक? बाहेरच्या लोकांना तो हुद्दाच वाटायचा. एका गृहस्थाने तर अर्जावर ‘माननीय परवानाही साहेब यांस’ असा मायना लिहिला होता. हेडक्लार्कांनी तो अर्ज परत केला, पण मायन्यासाठी नव्हे. एक सही कमी होती.

आता असा माणूस तंबू घेऊन निर्जन बेटावर कशाला जाईल, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे. तो जाणारच नव्हता. हे सगळं एका कॅलेंडरने केलं.

बायकोचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं आणि ती एकोणीस दिवस इस्पितळात होती. तिच्या खाटेसमोरच्या भिंतीवर बंदर खात्याचं कॅलेंडर होतं. महिना तीन महिन्यांपूर्वीचा. पान उलटायला कुणाला सवड नव्हती. पानावर एका छोट्याशा बेटाचं चित्र, बेटावर एकच वाकडं झाड आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘बेट क्र. १७’. तिला बघायला दोनच गोष्टी होत्या. एक ते बेट आणि दुसरे स्टुलावर बसलेले हेडक्लार्क. हेडक्लार्कांना ती एकोणतीस वर्षं बघत होती, तेव्हा तिने बेट निवडलं.

अकराव्या दिवशी ताप उतरेना. डॉक्टर तक्ता बघून गेले आणि हेडक्लार्कांनी स्टूल खाटेच्या आणखी जवळ ओढलं. तेवढ्यात ती डोळे न उघडताच म्हणाली, “मी बरी झाले ना, तर मला तिथे न्या. तंबू ठोकून राहू एक-दोन दिवस. तिथे कुणी बेल वाजवत नसेल.”

हेडक्लार्कांनी तोंड उघडलं ते ‘बघू’ म्हणायलाच. पण त्यांची नजर तिच्या हाताकडे गेली. सुया टोचून टोचून तो हिरवानिळा झाला होता. आणि तोंडातून निघालं, “नेतो.”

ती डोळे उघडून बघायला लागली. हेडक्लार्क स्वतःही दचकले. “काय म्हणालात?” तिने विचारलं. “नेतो म्हणालो,” ते म्हणाले. मग ती कुशीवर वळली आणि शांत झोपली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, नवीन इंजेक्शन लागू पडलं. बायकोचं मत वेगळं होतं, पण ती डॉक्टरांना कशाला दुखवेल!

घरी येऊन महिना झाल्यावर एका सकाळी चहाचा कप पुढे ठेवत तिने विचारलं, “मग कधी नेताय?”

“कुठे?”

“बेट क्रमांक सतरा.”

हेडक्लार्कांनी उचललेला कप परत बशीत ठेवला. एकोणतीस वर्षांत तिने त्यांच्या एका शब्दावर विश्वास ठेवला होता आणि तो धरून ती मरणाच्या दारातून परत आली होती. तो शब्द मोडायचा म्हणजे पुन्हा तिच्यासमोर मान वर करायची सोय राहिली नसती. डॉक्टरांकडे आशेने गेले, की ते तरी नको म्हणतील. डॉक्टर म्हणाले, “अवश्य जा! हवापालट उत्तमच. फक्त सकाळची गोळी एकही दिवस चुकवू नका. एकही. चुकली तर सगळं मुसळ केरात.”

तर हेडक्लार्क बंदर कार्यालयात गेले. खिडकीच्या पलीकडे एक तरुण बाई होती. तिने अर्ज घेतला, वर न बघता दोन्ही बाजूंनी चाळला आणि तो बरोबर त्याच दोन बोटांनी परत सरकवला, ज्या दोन बोटांनी हेडक्लार्क तीस वर्षं सरकवत आले होते.

“ओ काका, एक सही कमी आहे.”

‘ओ काका’! हेडक्लार्कांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ज्या माणसाच्या सहीवाचून शहरात पानाची टपरी उभी राहत नाही, तो माणूस काका! पण काम अडलेलं. त्यांनी आवाज गोड करून विचारलं, “कुणाची हो सही?”

“शेजाऱ्याची. मुक्कामाला शेजाऱ्याचं ना हरकत पत्र लागतं.”

“अहो, निर्जन बेट आहे ते. शेजारी कुठून आणू?”

“मग शेजारी नाही असा दाखला आणा.”

“तो कोण देणार?”

बाईने जरा विचार केला. “शेजारीच देऊ शकेल.”

खरं सांगायचं तर त्या उत्तराने हेडक्लार्कांना मनातून तिचं कौतुकच वाटलं. असं उत्तर सुचायला माणसाला दहा-दहा वर्षं खिडकीत काढावी लागतात. ते पाच फेऱ्या घालत राहिले आणि प्रत्येक फेरीत ‘उद्या या’ ऐकून, आपण आजवर हे वाक्य किती जणांना ऐकवलं, याचा हिशोब लावायचा प्रयत्न करत घरी परतत राहिले. सहाव्या फेरीला त्या बाईनेच तोडगा काढला. बेट क्रमांक सोळावर दीपगृह होतं आणि तिथे एक रखवालदार एकटा राहत होता. सोळानंतर सतरा, म्हणजे तो शेजारीच. मध्ये दोन मैल समुद्र होता, पण नियमात अंतर दिलेलं नव्हतं. आठवड्याला एक लाँच सामान घेऊन तिकडे जाई, तिच्याबरोबर खिडकीतल्या बाईने कागद पाठवला. सही होऊन आली. सहीच्या वर रखवालदाराने आपल्या हाताने तीन ओळी लिहिल्या होत्या: ‘हरकत नाही. अकरा वर्षांत शेजार लाभला नाही. अवश्य यावे.’

“लकी आहात हो काका,” शिक्का मारत ती बाई म्हणाली. परवाना मिळाला. शनिवार सकाळ ते सोमवार संध्याकाळी पाच. हेडक्लार्कांनी तो एकात एक अशा तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातला.

तंबू दिला मेहुण्याने. त्याने तो हौसेने आणून कपाटावर टाकला होता आणि एकदाही उघडला नव्हता. सोबतचा माहितीचा कागद अशा लिपीत होता, की वरच्या मजल्यावरच्या भूगोलाच्या निवृत्त मास्तरांनाही तो सुलटा कुठून धरायचा ते कळेना. तेव्हा हेडक्लार्कांनी ठरवलं, आधी घरात सराव. दिवाणखान्यातलं टेबल भिंतीला लावलं, तंबूच्या दोऱ्या सोफ्याच्या पायांना आणि कपाटाच्या मुठींना बांधल्या, आणि काय सांगू, तंबू उभा राहिला! झकास उभा राहिला. मात्र तो खाली कसा आणायचा ते कुणालाच उमगेना. कपाट उघडेना, सोफ्यावर बसता येईना. बायकोला नेमकी गाठ सापडेपर्यंत तीन दिवस घर तंबूच्या आजूबाजूने चाललं. हेडक्लार्क ऑफिसला निघताना रोज रांगत आत जाऊन पलीकडून बाहेर येत.

बातमी फुटली आणि जिना माणसांनी भरला. समोरच्या काकू तंबूत शिरल्या त्या तासभर बाहेर आल्या नाहीत. “आत बरंय गं, घरातलं काही दिसत नाही,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी सल्ला दिला, “कुकर न्या. बेटावर पाणी उकळायला वेळ लागतो म्हणे.” असं कुठे असतं का, पण काकूंनी आपला मोठा, जुना, शिट्टी गेलेला कुकर आणूनच दिला. मास्तर म्हणाले, “बेट म्हणजे काय? ज्याच्या चारी बाजूंना पाणी असतं ते.” एवढं सांगून ते बराच वेळ थांबले. मग त्यांनी आपली भली मोठी काळी छत्री दिली आणि सांगितलं, “सावलीवरून वेळ काढता येते.” हेडक्लार्कांच्या हातात घड्याळ होतं, पण मास्तरांना कोण सांगणार! ओझं वाढत चाललं. नाही म्हटलं तर माणसं दुखावतात, आणि याच माणसांनी एकोणीस दिवस आळीपाळीने डबा पोचवला होता. हेडक्लार्कांनी कुकरही घेतला आणि छत्रीही.

शनिवारी सकाळी धक्क्यावर नावाडी तयार होता. मोटारहोडीत सामान चढवता चढवता त्याने विचारलं, “साहेब, परतीचं कसं करायचं?” हेडक्लार्क तेव्हा कुकर सावरत होते. सवयीने म्हणाले, “बघू.”

दीड तास होडी चालली. बायको पुढे बसली होती, पदर डोक्यावरून घट्ट घेऊन, आणि मागे वळून एकदाही बघत नव्हती. हेडक्लार्क मागे बसून डोळे मिटून फक्त किनाऱ्याचा विचार करत होते, कारण पोटातला चहा दर लाटेला आपण आहोत याची आठवण देत होता. अखेर बेट आलं. चित्रातल्यापेक्षा लहानच. वाकडं झाड मात्र जसंच्या तसं.

सामान उतरलं, नावाड्याने होडी ढकलली, इंजिन सुरू केलं. वाऱ्याने नुसता उच्छाद मांडला होता. नावाडी काही तरी ओरडला, आणि नेमकी त्याच क्षणी बायको पलीकडून ओरडली, “अहो, पिशवी लाटेत पडली! सगळी बिस्किटं भिजली!”

हेडक्लार्कांनी छाती पुढे काढली, उजवा हात वर केला आणि गरजले, “परवा नाही!”

नावाडी पुन्हा काही तरी ओरडला. बायकोही ओरडली, “अहो, साखरही भिजली असेल, काही वाटतं का!” हेडक्लार्क आणखी जोरात म्हणाले, “अजिबात नाही!” नावाड्याने कपाळाला आठ्या घातल्या, मान डोलवली आणि होडी वळवून निघून गेला.

साखर वाचली होती. बरणी घट्ट होती.

तंबू उभारायला घेतला तेव्हा कळलं, की खुंट्या घरी राहिल्या. घरी खुंट्यांची गरजच पडली नव्हती. तिथे सोफा होता, कपाट होतं. बेटावर सोफा नव्हता. हेडक्लार्क हातात दोरी घेऊन कपाट शोधत असल्यासारखे चारी दिशांना बघत राहिले. शेवटी बायकोने काकूंच्या कुकरात दगड भरले, झाकण लावलं, एका बाजूच्या दोऱ्या कुकरच्या कानांना बांधल्या, आणि दुसऱ्या बाजूच्या वाकड्या झाडाला. तंबू उभा राहिला. जरा वाकडाच, पण दोन दिवस एवढा वारा झाला तरी हलला नाही. काकूंच्या कुकरने तो असा धरून ठेवला, की हेडक्लार्कांनी मनातल्या मनात काकूंची माफी मागितली. झाडाला मुंग्या होत्या. कॅलेंडरमध्ये त्या दिसत नव्हत्या.

रविवार कसा गेला ते सांगता येणार नाही, कारण काहीच घडलं नाही. बायकोने दगडांच्या चुलीवर भात शिजवला. तो खालून करपला आणि वरून कच्चा राहिला, तरी दोघांनी पातेलं चाटूनपुसून साफ केलं. मग ती झाडाखाली बसली, मुंग्यांपासून हातभर दूर, आणि गुणगुणायला लागली. हेडक्लार्कांनी तिला गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं. घरात ती गुणगुणत असेलही, पण तेव्हा ते बहुधा ‘बघू’ म्हणत असतील. त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं तर थांबेल अशी धास्ती वाटली.

सोमवारी जेवण करून सगळं आवरून दोघं सामानावर बसली. दोन वाजले, तीन वाजले. समुद्रावर होडी सोडा, काडीही दिसेना. मोबाइलला रेंज पहिल्यापासून नव्हती. चार वाजता हेडक्लार्कांनी तीन पिशव्यांतून परवाना काढला आणि तारीख पुन्हा वाचली. चूक नव्हती. सोमवार, सायंकाळी पाच. त्यांनी मास्तरांची छत्री उचलली, बेटाच्या टोकावरच्या खडकावर चढले आणि क्रमांक सोळाच्या दिशेने ती उघडमीट करायला लागले. पलीकडे लांब दीपगृहाच्या गच्चीवर काही तरी पांढरं हललं आणि थांबलं. बस. बाकी काही झालं नाही.

पाच वाजले. हेडक्लार्क खडकावरून उतरले. तीस वर्षं ज्या माणसाने विनापरवाना माणसांना नोटिसा बजावल्या, तो आता स्वतः विनापरवाना. आणि ते काहीच नव्हतं. त्यांना आठवलं, गोळ्यांची डबी त्यांनी भरली होती. शनिवार, रविवार, सोमवार. तीन कप्पे, तीन गोळ्या. उद्या सकाळची गोळी नव्हती.

ते बायकोसमोर जाऊन उभे राहिले. छाती पुढे काढायला गेले, पण ती पुढे येईना. “अगं,” ते म्हणाले, “माझं चुकलं. गोळ्या तीनच घेतल्या मी. मला वाटलं, परवाना तीन दिवसांचा, गोळ्या तीन दिवसांच्या. तुला काही झालं तर...” इस्पितळात एकोणीस दिवस त्यांनी डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं. तिथे माणसं होती. इथे कुणी नव्हतं, तेव्हा ते पाणी आलं ते आलंच.

बायकोने शांतपणे आपली पर्स उघडली, कंगवा बाजूला केला, रुमाल बाजूला केला आणि गोळ्यांची अख्खी पट्टी काढून दाखवली. दहा गोळ्या.

“एकोणतीस वर्षं आहे मी तुमच्याबरोबर,” ती म्हणाली. “तुम्ही दोन दिवस म्हणालात की मी आठवड्याचं धरते.”

हेडक्लार्क खालीच बसले, वाळूत.

“आणि रडताय कशाला? होडी आली नाही म्हणून? मला तर बरंच वाटलं. एक दिवस जास्तीचा मिळाला.” ती त्यांच्या शेजारी बसली. “अहो, तिथे खाटेवर मला वाटलं होतं, संपलं सगळं. तुम्ही ‘बघू’ म्हणाला असता ना, तर मी काही म्हणाले नसते. नेहमीचंच म्हणून डोळे मिटले असते.”

“मी ‘बघू’च म्हणणार होतो,” हेडक्लार्क म्हणाले. आता खोटं बोलायला त्यांच्यात त्राण नव्हतं.

“माहितेय मला. तोंडाचा आकार झाला होता.” ती हसली. “पण नाही म्हणालात. आणि आणलंत. खरंच आणलंत हो.”

अंधार पडायच्या आत त्यांनी पुन्हा कुकरात दगड भरले आणि तंबू ठोकला. या वेळी हेडक्लार्कांना गाठ बरी जमली.

मंगळवारी सकाळी बायको गोळी घेत होती, तोच बेल वाजली.

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. बेटावर बेल! हेडक्लार्क तंबूतून रांगत बाहेर आले. किनाऱ्यापासून थोडी दूर एक छोटी होडी थांबली होती. तिच्या टोकाला पितळी घंटा टांगलेली, आणि एक पिकल्या दाढीचा माणूस उभा राहून ती शिस्तीत वाजवत होता. एका हातात घंटेची दोरी, दुसऱ्या हातात वाटी.

“शेजारी आहे मी,” तो ओरडला. “आत येऊ का?”

हेडक्लार्कांना पहिली आठवण झाली ती कायद्याची. गुडघाभर पाण्यात जाऊन ते कसेबसे म्हणाले, “या, या. पण आधीच सांगतो, माझ्याकडे आता परवाना नाही!”

“परवा नाही?” रखवालदार कानाला हात लावत म्हणाला. “नसेल जमत परवा तर नाही. आजच चला चहाला!”

हेडक्लार्क जागच्या जागी थिजले. त्यांच्या डोक्यात काही तरी लख्ख झालं, शनिवारचा वारा, नावाड्याचं ओरडणं, आपला वर केलेला हात. पण तेवढ्यात रखवालदाराने वाटी पुढे केली.

“वहिनी, थोडी साखर मिळेल का?”

बायकोने बरणी उघडली आणि वाटी काठोकाठ भरली. रखवालदार तिच्याकडे बघतच राहिला. मग ओशाळून म्हणाला, “खरं सांगू? साखर आहे माझ्याकडे, पोतंभर आहे. पण अकरा वर्षांत कुणाकडे मागायला मिळाली नव्हती.”

चहा तिथेच झाला, त्याच साखरेचा. “काल संध्याकाळी तुम्ही छत्री उघडमीट करून नमस्कार केलात,” रखवालदार सांगत होता, “बरं वाटलं. मीही टॉवेल हलवला. पण मग विचार केला, कागदावर तर सोमवार पाच होतं. गेले असते तर दिसले असते, राहिले तर का राहिले? ना हरकतीवर सही माझी आहे. सही करून गप्प बसायचं म्हणजे शेजारी कसला मी!”

हेडक्लार्क कपात बघत राहिले. तीस वर्षांत त्यांनी केलेल्या सह्या पोत्यांनी मोजाव्या लागल्या असत्या. सही केल्यावर त्या माणसाचं पुढे काय झालं, हे बघायला ते एकदाही गेले नव्हते. “तुमचे फार उपकार झाले हो,” ते म्हणाले. हे वाक्य बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते जरा अर्जातल्यासारखं वाटलं. पण रखवालदाराला पोचलं.

त्याने होडीतल्या वायरलेसवरून बंदराला निरोप धाडला. पलीकडून खिडकीतल्या त्याच बाईचा आवाज आला, “काय हे काका! घाबरवलंत ना आम्हाला!” आणि या खेपेला हेडक्लार्कांना ‘काका’ अजिबात टोचलं नाही.

दुपारी नावाडी आला तो तावातावाने. “साहेब, माझी चूक काढू नका! मी विचारलं, परवा येऊ का न्यायला? तुम्ही हात वर करून म्हणालात, परवा नाही! मी म्हटलं, मग तेरवा तरी? तुम्ही म्हणालात, अजिबात नाही! मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, साहेब संसार घेऊन कायमचे तिकडे गेले.”

बायकोला हसू आवरेना. पोटावरची टाक्यांची जागा दुखेल म्हणून एका हाताने पोट दाबून ती हसत होती. हेडक्लार्क तिच्याकडे बघत उभे राहिले. अशी हसती बायको समोर असताना कुठला मान आणि कुठला अपमान! तेही हसायला लागले.

महिन्याभराने तपासणी होती. डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम. परत निघताना बायको म्हणाली, “जरा वॉर्डात डोकावूया.” तिच्या खाटेवर आता दुसरीच एक बाई होती, डोळे मिटलेली, हाताला सलाईन. समोर तेच कॅलेंडर आणि तोच जुना महिना. सिस्टर त्यांना बघून हसली आणि पान उलटायला हात पुढे केला. “अगंबाई, किती दिवस राहिलंय हे!”

“राहू द्या हो,” बायको चटकन म्हणाली. खाटेवरच्या बाईने डोळे किलकिले केले. बायको तिच्या उशाशी वाकली आणि हळूच सांगायला लागली, “त्या झाडाला मुंग्या आहेत बरं का. हातभर लांब बसायचं. पण बसायचंच.”

स्टुलावर त्या बाईचा नवरा बसला होता. कपडे चुरगळलेले, दाढी वाढलेली. तो उठून हेडक्लार्कांना दाराशी घेऊन गेला.

“तुम्ही जाऊन आलात तिथे?” त्याने खालच्या आवाजात विचारलं. “हीसुद्धा सकाळपासून तेच म्हणतेय. बरी झाले तर ने. मी म्हटलं, बघू. काय बोलणार? तिथे जाता येतं का हो खरंच? परवानगी, होडी, समुद्र... कसं जमायचं?”

हेडक्लार्कांची छाती आपोआप पुढे आली. उजवा हात वर निघाला. पण तो अर्ध्यावर थांबला आणि तिथून त्या माणसाच्या खांद्यावर उतरला.

“फॉर्म मी भरून देतो,” ते म्हणाले. “शेजाऱ्याची सही लागते, तीही मी आणतो, शेजारी आपल्या ओळखीचा आहे. तंबूही देतो. खुंट्या देतो, कुकर देतो. परतीची तारीख तेवढी नावाड्याला कागदावर लिहून द्या, तोंडी काही बोलू नका. हे सगळं नंतर.” मग त्यांनी त्याला खाटेच्या दिशेने वळवलं.

“आधी आत जा. आणि ती झोपायच्या आत तिला ‘नेतो’ म्हणा.”